'हॅव' शिकवताना मराठीची मदत घ्या

महोदय,

इंग्रजी शिकवणाऱ्या सदरांत आणि गाइडांत 'हॅव म्हणजे जवळ असणे' असा एका ओळीत निकाल लावलेला असतो. मग थेट काळांचे तक्ते. पण या क्रियापदाच्या बऱ्याच चुका मराठी वाक्यरचनेतून येतात. त्या तक्त्याने सुटत नाहीत.

मालकी सांगायला मराठीत वेगळे क्रियापद लागत नाही. 'असणे' तेच राहते, बाकीची रचना बदलते: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, खोलीला चार खिडक्या आहेत. इंग्रजीत तिन्हीकडे हॅव किंवा हॅज. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चुकते, कारण भाऊ असणे ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नव्हे. म्हणून 'हॅविंग वापरूच नका' असे काही शिक्षक बजावतात, तेही चूक. 'आय ॲम हॅविंग लंच' अगदी शुद्ध आहे. हॅवच्या जागी खाणे, पिणे, करणे बसत असेल तर आयएनजी चालते.

खरा घोळ 'हॅव टू'चा. 'मला जायचंय' यात इच्छाही मावते आणि सक्तीही; 'आय हॅव टू गो' म्हणजे जावेच लागणार. 'मला डॉक्टर व्हायचंय' याचे 'आय हॅव टू बिकम अ डॉक्टर' केले, की मुलगा घरच्यांच्या धाकाने बोलतोय असे वाटते. तिथे 'वॉन्ट टू' हवे. नकारात तर हे धोक्याचे ठरते. 'तारेला हात लावायचा नाही' यासाठी 'यू डोन्ट हॅव टू टच द वायर' लिहिले, तर अर्थ होतो: हात लावायची गरज नाही, लावलात तर तुमची मर्जी! मनाई करायची तर 'मस्ट नॉट' किंवा सरळ 'डोन्ट टच'.

कार्यालयीन ईमेलमध्ये हमखास दिसणारे वाक्य म्हणजे 'आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टरडे'. 'काल अर्ज पाठवला आहे' हे मराठीत चालते; इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये अशी सरलेली वेळ आली की हॅव जाते आणि नुसते 'सेंट' उरते. वेळ सांगितली नाही तर 'हॅव सेंट' ठीक.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा प्रयोग बहुतेक वर्गांत शिकवलाच जात नाही. आधी हॅड, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप: 'वी हॅड द हाउस पेंटेड', म्हणजे आम्ही घर रंगवून घेतले. क्रम उलटून 'वी हॅड पेंटेड द हाउस' झाले, की ब्रश आपल्याच हातात येतो: आम्ही घर रंगवले होते. माणसाचा उल्लेख असेल तर पहिले रूप, आणि मध्ये 'टू' नाही: 'आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप'. 'गॉट' वापरले तर मात्र 'टू' लागतो. शिकवताना 'कट'चे उदाहरण टाळावे. त्याची तिन्ही रूपे सारखीच, त्यामुळे कुठले वापरले ते मुलांना कळत नाही.

पाचवी-सहावीला मालकी आणि 'हॅव टू' एवढे पुरे. 'हॅड हॅड' (हॅवचाच पूर्ण भूतकाळ) नववीपर्यंत थांबू शकते.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा