गीतकार-संगीतकारांची नावेही छापावीत

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, देशोदेशीच्या म्युझिक व्हिडिओंची ओळख करून देणारे सदर मी नेमाने वाचतो. एरवी वाट्याला न आलेली कितीतरी गाणी मी त्यामुळेच ऐकली. मात्र त्यात गायकाचे नाव आणि व्ह्यूजचा आकडा हमखास असतो. शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे बहुधा राहूनच जाते.

‘देस्पासितो’ या २०१७ मधील स्पॅनिश गाण्याबाबत हेच झाले. पोर्तो रिकोचे लुईस फॉन्सी आणि डॅडी यांकी जगभर पोहोचले, सान हुआनमधील ला पेर्ला ही वस्तीही पडद्यावर सर्वांनी पाहिली. पण त्या दोघांबरोबर हे गाणे लिहिणाऱ्या पनामाच्या एरिका एंडर यांचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

नाव गळण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांच्या बाबतीत दिसले. या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत ‘मबुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढे त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांत गेले. अमेरिकेतील ‘द वीव्हर्स’ या गायकसंचाने ते उचलले तेव्हा गाण्यातील ‘उयिम्बुबे’ या झुलू शब्दांचे ‘विमोवे’ झाले आणि श्रेय ‘पॉल कॅम्पबेल’ या टोपणनावाला मिळाले. १९६१ मध्ये इंग्रजी शब्दांसह तेच गाणे ‘द टोकन्स’नी लोकप्रिय केले, त्यानंतर वर्षभरात लिंडा गरिबीतच वारले. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यात, कर्त्याच्या मृत्यूला पंचवीस वर्षे झाल्यावर हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद होती (आपला १९१४ चा कायदाही त्यावरच बेतलेला होता). तिचा आधार घेऊन त्यांच्या मुलींच्या वतीने दावा लढला गेला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन त्यांना रॉयल्टी मिळू लागली. तोवर ‘द लायन किंग’ चित्रपटातूनही ती चाल घरोघरी पोहोचली होती.

आपल्याकडे २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा राखला खरा. पण जुन्या कोळीगीतांचे आणि लावण्यांचे नवे व्हिडिओ पाहावेत, तर कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ एवढेच लिहून मोकळे झालेले अनेकदा दिसते. काही गाणी खरोखरच पारंपरिक असतात, हे मान्य; तथापि सगळीच तशी नसतात. आकाशवाणीवर भावगीत लागण्यापूर्वी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत असत. आमच्या पिढीला कवींची नावे शाळेपेक्षा त्या निवेदनांतूनच अधिक पाठ झाली.

म्हणून विनंती अशी की, आपल्या सदरात प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि गाण्याची भाषा यांची एक ओळ असावी, आणि कर्ता सापडत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. जागेची अडचण असल्यास व्ह्यूजचा आकडा खुशाल गाळावा. अंक हाती पडेपर्यंत तो तसाही जुना झालेला असतो.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली