घायपाताचा पत्रा आणि खानापूरचा पाऊस

महोदय,
घायपात, उसाचे चिपाड यांचे धागे मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या छपराच्या पत्र्यांवरील आपला लेख वाचला. अशा पत्र्यांतून पोलादी पत्र्यापेक्षा कमी उष्णता आत येते, हे पटले, पण अर्धेच. पोलादाची उष्णतावाहकता (उष्णता आरपार नेण्याची क्षमता) सुमारे ५० वॉट प्रति मीटर-केल्विन, तर अशा पत्र्यांची बहुधा ०.५ च्याही खाली. धाग्यांच्या पोकळीत हवा कोंडलेली असते, त्याचाही हा परिणाम. मात्र हे धागे पाणी शोषतात आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. कणकुंबी-खानापूरच्या पावसात कडा उघड्या राहिलेल्या पत्र्याचे काय होणार? शिवाय ३ मिलिमीटरचा पत्रा कशाचाही असो, उन्हाची उष्णता फारशी अडवत नाही. (कौलांच्या फटींतून निदान हवा तरी खेळते!) शाळांच्या छपरांसाठी असे पत्रे घेताना ओल्या पत्र्याच्या चाचणीचे आकडे आधी मागावेत.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)