जंगलवाटेवरच्या कुत्र्यांच्या लसीकरणासाठी मदत करा

राम राम आणि सत श्री अकाल!

गावातून वावराकडे जाणारी आपली पांदण राखीव जंगलातून जाते. जंगलाच्या तोंडाशी शिकलगार शीख बांधवांची वस्ती आहे. शस्त्रांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. आज आपल्या विळ्या-कुऱ्हाडींना धार लागते ती त्यांच्याच हातची. १७०८ साली गुरू गोविंदसिंह बऱ्हाणपूरहून नांदेडला गेले ते आपल्या वऱ्हाडातूनच. वस्तीतली जुनी माणसं ते अजून अभिमानानं सांगतात, आणि निशाण साहिबाभोवतीच्या, म्हणजे शिखांच्या पवित्र झेंड्याभोवतीच्या, ओल्या झाडाला कुऱ्हाड लागू देत नाहीत.

याच वाटेनं आपण जागलीला जातो, मागं कुत्रा असतोच. मोकळा सुटला की तो रोह्यामागं, सशामागं धावतो, टिटवीची अंडी खातो. बिबट्या दिसला तर पळत येतो तो मालकाकडेच, आणि बिबट्याला घेऊन येतो.

त्याहून मोठी भीती रोगाची आहे. मागच्या हिवाळ्यात वस्तीतली पिल्लं एकामागून एक गेली. आधी नाका-डोळ्यांतून घाण, मग झटके. पशुवैद्यकांनी लक्षणं पाहून डिस्टेंपर सांगितला. त्यावर नेमकं औषध नाही, लस मात्र आहे. हा रोग लांडगा, खोकड, बिबट्या यांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला होता. रेबीजचं तर सांगायलाच नको. तो माणसालाही सोडत नाही.

पहिल्या बैठकीत कुत्र्यांना जंगलबंदी करा असाच सूर होता. तेव्हा वस्तीत गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथाचं वाचन करणाऱ्या ग्रंथीबाबांनी नामदेव महाराजांची आठवण काढली. आपल्या शेजारच्या हिंगोलीतल्या नरसीचे महाराज. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले ते हेच. ग्रंथीबाबांचं ऐकून बैठक गप्प झाली. जागलीच्या कुत्र्याला घरी ठेवा म्हणणं शेतकऱ्याला परवडणारंही नाही. म्हणून ठरलं ते एवढंच: जंगलाच्या हद्दीत कुत्रा दोरीलाच राहील, आणि प्रत्येकाला लस मिळेल.

गुरू नानक जयंतीच्या, म्हणजे कार्तिक पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सकाळी वस्तीजवळ शिबिर आहे. पाळीव कुत्री आणा, गल्लीतली धरायला तरुण पोरं हवीत. लसी, त्या थंड ठेवायला बर्फाच्या पेट्या, गळपट्टे आणि दोर यांना पैसा लागतो. तो ग्रामपंचायतीत द्या, पावती घ्या. पैसा नसेल तर पायलीभर गहू किंवा तूरडाळ द्या. दुपारचा लंगर वस्ती करणार आहे. शहरातून पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींनाही ही विनंती आहे, त्यांची कुत्रीही याच वाटेनं जातात.

शिबिराच्या आदल्या दिवशी पांदणीवर फलक लावायचे आहेत. टिकाव-फावडं घेऊन या.

— आपले, वन समिती व ग्रामस्थ