पोटदुखी अंगावर काढू नका

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर पोटदुखीचा विषय निघाला की तुम्ही दोघेही “गॅस झाला असेल” म्हणून तो मिटवता, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते. अपचन, आम्लपित्त आणि बद्धकोष्ठता हीच पोटदुखीची नेहमीची कारणे आहेत. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तरुण माणसाच्या अपेंडिक्सला सूज आली तर दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकते, ताप येतो आणि पोटाला हात लावू देववत नाही. तोच आजार तुमच्या वयात झाला, तर कित्येकदा ताप येत नाही, दुखणेही बेताचेच राहते, आणि निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असू शकते. म्हणून कृपा करून, किती दुखते यावरून आजार लहान की मोठा हे ठरवू नका.

बाबा, गुडघ्यांसाठी तुम्ही डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेता, त्याने जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी होते. त्यातून झालेला अल्सर दुखेलच असे नाही. काही वेळा पहिली खूण म्हणजे थेट रक्तस्राव. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अल्सर काळजीने होतो ही समजूतही आता सोडा. त्याचे दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले, आणि रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. श्वासाच्या तपासणीत हा जिवाणू सापडतो आणि अँटिबायोटिकने नष्ट होतो.

आई, तुझे ठोके अनियमित पडतात, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून कधीही थांबवू नकोस. अशा ठोक्यांमुळे हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी आतड्याच्या धमनीत अडकली, तर पोट एकाएकी असह्य दुखते, पण दाबून पाहिले तर मऊच लागते, आणि त्यामुळेच तपासणारा फसतो. हा आजार दुर्मीळ आहे, परंतु त्यात काही तासांत आतडे निकामी होते. तशी वेळ आलीच, तर ठोक्यांची गोष्ट डॉक्टरांना सर्वांत आधी सांगायची, म्हणजे ते सी.टी. अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनचा) विचार लवकर करतील. पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला किंवा दम लागला, तर ते हृदयाचेही असू शकते. तेव्हा आम्लपित्ताची गोळी घेऊन वाट पाहत बसू नका.

राहिली एक तपासणी. बाबा, तुम्ही बरीच वर्षे सिगारेट ओढत होतात. अशा पुरुषांनी ६५ ते ७५ या वयात पोटातील महाधमनीची, म्हणजे हृदयापासून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, एकदा सोनोग्राफी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. ती धमनी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद झाली असेल, तर वेळोवेळी मोजत राहावे लागते. फुगवटा आतल्या आत वाढतो आणि फुटेपर्यंत बहुधा कळत नाही. तुम्हाला सोयीचा दिवस कळवा, वेळ मी घेऊन ठेवते. आणि येताना दोघांच्या चालू गोळ्यांची यादी लिहून आणा, न सांगता घेतलेल्या गोळ्यांसकट.

तुमची लेक