ओव्हरीचा कॅन्सर: स्टेजसोबत प्रकारही विचारा

संपादक महोदय,
ओव्हरीचा कॅन्सर म्हटलं की घरात पहिला प्रश्न 'कितवी स्टेज?' आणि तो बरोबरच आहे, गाठ ओव्हरीतच असेल तर पाच वर्षांनी दहातल्या साधारण ९ बायका हयात असतात, पोटात पसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या स्टेजला हेच प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. पण बायोप्सी रिपोर्टवर प्रकार लिहिलेला असतो तो कुणी विचारतच नाही हो! सगळ्यात जास्त आढळणारा हाय-ग्रेड सिरस हा प्रकार (हाय-ग्रेड म्हणजे पेशी जास्त आक्रमक) झपाट्याने पसरतो, केमोने आधी छान आटोक्यात येतो आणि बऱ्याचदा उलटतो. त्याचाच लो-ग्रेड सिरस हा वेगळा प्रकार हळू वाढतो पण केमोला फारशी दाद देत नाही. आणि कॉलेजच्या वयातल्या पोरींना होतो तो जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींपासून होणारी गाठ, पसरलेला असला तरी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, अनेकदा दुसरी ओव्हरी आणि गर्भाशय वाचवूनसुद्धा. अशा पोरीच्या आईबापाला नातेवाईक 'आता काही खरं नाही' म्हणतात तेव्हा फार राग येतो.
आणि बायांनो, पोट सतत फुगतंय, दोन घासात भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय असं दोन-तीन आठवडे चाललं तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका, डॉक्टरांना सोनोग्राफीचं विचारा.
- एक वाचक, सातारा