हा रुमाल खिशातला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रुमालात सापडली जुनी कागदपत्रे’ या आपल्या बातमीसोबत खिशातल्या हातरुमालाचे चित्र छापले आहे. आधी हसू आले, मग राहवेना म्हणून लिहितो.

पेशवे दप्तरातला, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहातला रुमाल म्हणजे कागदांचे अख्खे गाठोडे. चौकोनी कापड, आत दोऱ्याने बांधलेली पुडकी, पुडक्यात मोडी लिपीतले सुटे बंद, म्हणजे कागदाचे ताव, आणि वर चार टोकांची गाठ. फारसीत ‘रू’ म्हणजे तोंड, ‘माल’ म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या फडक्याचे हे नाव अभ्यासक मात्र पत्त्यासारखे वापरतात. तळटीपेत रुमाल आणि पुडक्याचा क्रमांक नसेल, तर तो कागद दुसऱ्याला शोधून सापडत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी या दप्तरातून संपादित केलेले ४५ खंड झाले तरी ते निवडक कागदांचे. शेजारचा, न छापलेला बंद पाहायचा तर रुमालच सोडावा लागतो.

आणि शेजार फार बोलतो. मोडी नवीनच शिकलो होतो तेव्हा दाणावैरणीची एक यादी हाती आली. तारीख नुसती ‘छ ९ जिल्हेज’, म्हणजे जिल्हेज या हिजरी महिन्याचा नववा चंद्र. ना साल, ना गाव. तिच्याच खालच्या बंदावर मात्र ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे स्वच्छ लिहिलेले, म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरांतली अरबी अंकनामांची कालगणना) ११७१, इसवी १७७०-७१. अक्षर त्याच कारकुनाचे, ओळीच्या शेवटी तोच लांबवलेला फराटा. काही वर्षांनी ती यादी कुणीतरी प्रदर्शनासाठी काढली आणि परत ठेवताना ‘धान्य’ या विषयाच्या फायलीत लावली. आता ती नुसती वैरणीची यादी उरली आहे.

फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने ‘फाँ’ ही कल्पना रूढ केली: एका कार्यालयाचे किंवा घराण्याचे कागद एकत्रच ठेवायचे, दुसऱ्यांत मिसळायचे नाहीत. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द ‘दप्तर’. रुमाल त्याच्या पोटातला. (शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो, त्याची गंमत निराळीच.)

सध्या जिकडेतिकडे स्कॅनिंग चालू आहे. प्रत्येक प्रतिमेच्या नावात रुमाल, पुडके आणि बंदाचा अनुक्रम घातला नाही, तर माझ्या यादीसारखी हजारो पोरकी पाने संगणकावर जमतील.

मोठा खुलासा छापायची गरज नाही. बातमी संकेतस्थळावर अजून आहे. तेवढे ते चित्र काढावे.

आपला,
एक मोडी वाचक