मागच्या पडवीतल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार. हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, तसं मी तिला सांगून ठेवलंय. तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. पण खानापूरच्या बाजूला रानाच्या कडेला असलेल्या त्या साधनागृहात ज्या ज्या सिस्टर येऊन जातात, त्यांना मागच्या पडवीतल्या मावशी म्हणजे कोण ते लगेच कळेल. आठ दिवस आम्ही तुमच्या हातचं जेवतो आणि निघताना आभार मानतो ते फादरांचे. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, "सिस्टर, ह्या सगळ्या बायका आठ दिवस तोंड मिटून करत्यात तरी काय?" मौन सुरू झालं होतं, म्हणून मी नुसती हसले. ते उत्तर द्यायचं राहिलंय.

स्पेन देशात इग्नेशियस नावाचा एक उमराव होता. १५२१ साली लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मानमरातबाचे विचार मनात असतात तोवर गोड लागतात, पण ते ओसरले की मन कोरडं पडतं. देवाचे विचार मात्र जाताना मागे गोडी ठेवून जातात. बरा झाल्यावर मान्रेसा नावाच्या गावी तो कित्येक महिने प्रार्थनेत राहिला आणि आपल्या मनात काय काय होतं ते टिपत गेला. त्या टिपणांतून जी साधना तयार झाली, तिला १५४८ मध्ये पोपसाहेबांची मान्यता मिळाली. पुरी साधना तीस दिवसांची असते. आम्ही सिस्टर दरवर्षी तीच आठ दिवसांत करतो. दिवसातून चार-पाच वेळा तास-तासभर बसायचं, शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एक प्रसंग घ्यायचा आणि त्याच्या आत जाऊन उभं राहायचं. माणसं बघायची, ती काय बोलतात ते ऐकायचं, वाससुद्धा घ्यायचा. आणि शेवटी प्रभूशी बोलायचं. कसं बोलायचं तेही इग्नेशियसनं लिहून ठेवलंय: मित्र मित्राशी बोलतो तसं.

मावशी, माझं घोडं तिथंच अडलं होतं.

तुम्हाला आपल्या भागाचं सांगायला नको. माझी सकाळ-संध्याकाळची स्तोत्रं इंग्रजीत. शाळेत दिवसभर कानडी. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी कानडीत, कधी कोंकणीत. या सगळ्या भाषांचं माझ्यावर ऋण आहे आणि एकीलाही मी परकी म्हणणार नाही. भाषेवरून आपल्याकडे आधीच पुष्कळ मनं दुखावली आहेत. पण आमच्या घरातली मराठी, ती 'काय करालीस?', 'जेवलीस काय?' वाली, ती फक्त आईबरोबर उरली होती. रात्री नऊला फोन यायचा, दहा मिनिटं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्या आठवड्यात परीक्षेचे पेपर तपासायचे होते आणि तिचा फोन आला की मी म्हणायची, "आई, मग बोलते." असं तीनदा झालं. चौथा फोन भावाचा आला.

मातीला गेले, परत आले, पेपर पुरे केले. रडू आलं नाही. मात्र त्यानंतर प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलेना. स्तोत्रं म्हणत होते, जपमाळ ओढत होते, कुठलाही नेम चुकवला नाही. साधनेच्या तिसऱ्या दिवशी फादरांना सांगितलं, "बोलायला जाते तर शब्दच सापडत नाहीत." ते म्हणाले, "मग शोधू नका. बसून राहा." चांगला सल्ला होता तो. पण मला तेव्हा तो पेलला नाही. चौथ्या दिवशी मी बॅग भरायला काढली होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या रात्री वळीव झोडपून गेला. पहाटे पाचाला मी गरम पाणी घ्यायला मागं आले. तुम्ही पाठमोऱ्या होतात. चुलीत धूर कोंडला होता. हातात ती टोकाला चिरलेली, चिंधी गुंडाळलेली फुंकणी. आणि तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात. मला वाटलं, आत आणखी कुणी असेल. कुणी नव्हतं.

"लाकडं भिजवून ठेवलास की रे सगळी. आता चूल कशी पेटवू मी? तीस माणसं उठतील आत्ता. सांग की."

एवढं बोलून तुम्ही थांबलात. फुंकणी गुडघ्यावर ठेवलीत आणि मान जराशी कलती केलीत, पलीकडचा बोलत असला म्हणजे आपण करतो तशी. मी मोजलं नाही, पण बराच वेळ. मग तुम्ही म्हणालात, "हं. असू दे." आणि सालपं सारून पुन्हा फुंकायला लागलात.

तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ मला ठाऊक होती. तुम्ही विठोबाशी बोलत होतात. माझ्या मनात त्या वेळी एकच आलं, की इतकी वर्षं मी देवापुढं वाचत आले, म्हणत आले, मागतही आले, पण त्याचं उत्तर येईल म्हणून कधी अशी मान कलती करून थांबले नाही.

पाणी न घेताच प्रार्थनाघरात गेले. कुणी नव्हतं. पवित्र पेटीपुढचा दिवा तेवत होता. मी आमच्या घरातल्या मराठीत बोलले, तोंडानं, मोठ्यानं: "काय करालाईस रे तू? आई गेली तेव्हा कुठं होतास?" आणि तुमच्यासारखी थांबले.

आवाज-बिवाज काही आला नाही. आई गेल्यापासून न आलेलं रडू मात्र आलं. घंटा होईपर्यंत आवरलं नाही.

फादरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उद्याही तिथंच बसा." साधनेत तसा नेमच आहे. जिथं मन हललं, तिथं पुन्हा जायचं, नवीन काही शोधत पुढं पळायचं नाही. सातव्या दिवशी योहानच्या शुभवर्तमानातला पुनरुत्थानानंतरचा प्रसंग आला. शिष्यांना रात्रभर जाळी टाकून काही मिळत नाही, पहाटे प्रभूच्या सांगण्यावरून टाकलेल्या जाळ्यात १५३ मासे येतात, आणि किनाऱ्यावर उतरतात तर प्रभूनं कोळशाचा विस्तव केलेला असतो, त्यावर मासळी आणि जवळ भाकर. त्या माशांवर प्रवचनं पुष्कळ ऐकली होती. या वेळी माझी नजर विस्तवावरून हलेना. प्रभूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र अशाच कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता आणि 'मी त्याचा नव्हे' म्हणत होता. तीनदा. तोच विस्तव आता प्रभूनं स्वतःच्या हातानं पेटवलाय. आणि पहिलं बोलणं त्या रात्रीचं नाही. "या, न्याहारी करा." पेत्राला जे विचारायचं ते विचारलंय, तेही तीनदा, पण पोटभर खाऊ घातल्यावर.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन! पण तो विस्तव कुणीतरी फुंकून पेटवला असणार, धुरानं त्याचे डोळे चुरचुरले असणार, हे तुमची चूल बघितली नसती तर माझ्या ध्यानात आलं नसतं. माझ्या तीन 'मग बोलते'ला उत्तर मिळालं ते तिथं. सकाळी तुम्ही दारातून म्हणालात, "सिस्टर, या, खाऊन घ्या की, गार होतंय," तेव्हा मी तुमच्याकडं बघत का राहिले होते ते आता तुम्हाला कळेल. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि फणसाची भाजी. कित्येक महिन्यांनी मला चव लागली होती.

कुणी मला विचारतील, सिस्टर होऊन वारकरी बाईकडून प्रार्थना शिकलात? शिकले. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे व्हॅटिकनच्या महासभेनं १९६५ सालीच सांगून ठेवलंय. मी येशूचीच आहे, तुम्ही विठोबाच्या. तुम्ही मला काही शिकवायला आलाच नव्हतात, तुम्हाला तर चूल पेटवायची होती.

आता रात्री दिवसाचं आत्मपरीक्षण करायला बसते ते नऊच्या सुमाराला, आईच्या फोनच्या वेळी. 'काय केलंस आज?' असं प्रभू विचारतो आहे असं धरून चालते आणि घरच्या बोलीत सांगत जाते. काही रात्री अजून कोरड्या जातात. तेव्हा लवकर उठून जात नाही, एवढाच फरक.

निघायच्या दिवशी मौन सुटलं आणि मी मागं धावत आले, तर तुम्ही लग्नाला गावी गेला होतात. येत्या मे महिन्यात पुन्हा येणार आहे. तुमच्यासाठी लोखंडी फुंकणी घेऊन ठेवलीय, चांगली हातभर लांब. पहिल्या दिवशी मौनाची घंटा व्हायच्या आधी येऊन देते.

तुमची,
निपाणीकडची सिस्टर